ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ

ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ (जन्म : ऑक्टोबर १७२६, सोनेनबुर्ग, प्रशिया, मृत्यू : १३ फेब्रुवारी १७९८, तंजावर) हे अठराव्या शतकात दक्षिण भारतात कार्य करणारे जर्मन लुथरन धर्मोपदेशक होते. तरंगंबाडी, तिरुचिरापल्ली आणि तंजावर येथे त्यांनी सलग ४८ वर्षे काम केले. तंजावरचे मराठा राजे तुळजाजी यांचे ते स्नेही आणि सरफोजी (दुसरे) यांचे संरक्षक व शिक्षक होते. तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते. मराठी वाचक त्यांना सहसा सरफोजी राजांच्या चरित्रातील एक दुय्यम पात्र म्हणून ओळखतात. तंजावरच्या गादीचा वारसा ठरविण्यात त्यांचा वाटा पाहता ही ओळख अपुरी ठरते.

बालपण आणि शिक्षण

श्वार्ट्झ यांचा जन्म तत्कालीन प्रशियाच्या नॉयमार्क प्रांतातील सोनेनबुर्ग या लहान गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून स्वोन्स्क या नावाने ओळखले जाते. आई त्यांच्या बालपणीच वारली. या मुलाला ईश्वरसेवेसाठी वाढवावे, अशी इच्छा तिने मृत्यूपूर्वी व्यक्त केली होती. सोनेनबुर्ग व क्युस्ट्रिन येथील शालेय शिक्षण संपवून ते १७४६ मध्ये हाले विद्यापीठात दाखल झाले. हाले हे त्या काळी लुथरन पंथातील भक्तिप्रधान चळवळीचे केंद्र होते आणि भारतात धर्मोपदेशक पाठविण्याचे कामही तेथूनच चाले. तरंगंबाडी व मद्रास येथे अनेक वर्षे राहून परतलेले बेंजामिन शुल्झे त्या वेळी हालेमध्ये होते. तमिळ बायबलच्या छपाईत मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ त्यांच्याकडे तमिळ शिकू लागले. छपाईचा तो बेत सिद्धीस गेला नाही, परंतु शिकलेली भाषा वाया गेली नाही. गोटहिल्फ ऑगस्ट फ्रांके यांच्या सांगण्यावरून त्यांनी भारतात जाण्याचे ठरविले. वडिलांची संमती मिळाल्यावर वारसाहक्काचा आपला वाटा त्यांनी भावंडांना देऊन टाकला, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १७५० च्या जुलैमध्ये इंग्लंडमार्गे ते तरंगंबाडीस पोहोचले.

तरंगंबाडी आणि न्यू जेरुसलेम चर्च

तरंगंबाडी (ट्रांकेबार) हे कावेरीच्या मुखप्रदेशातील किनाऱ्यावरचे गाव. तंजावरचे राजे रघुनाथ नायक यांनी १६२० मध्ये ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले. पुढे नायकांचे राज्य जाऊन व्यंकोजी भोसले यांच्या रूपाने तंजावरला मराठ्यांची सत्ता आली. त्यानंतर डॅनिश वसाहतीकडून येणारा वार्षिक नजराणाही मराठा दरबाराकडे जाऊ लागला. भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशन ज्या गावी सुरू झाले ते गाव अशा रीतीने मराठा राज्याच्या कुशीत होते, ही गोष्ट मराठीत क्वचितच सांगितली जाते.

डेन्मार्कचे राजे चौथे फ्रेडरिक यांनी पाठविलेले बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग व हाइनरिश प्ल्युट्शाउ हे दोघे जर्मन तरुण ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरले. पुढच्याच वर्षी त्यांनी जेरुसलेम या नावाचे छोटे चर्च उभारले. ते समुद्राला फारच जवळ होते आणि उपासकांची संख्या वाढत गेल्याने लवकरच अपुरे पडू लागले. म्हणून १७१७ मध्ये नव्या इमारतीचा पाया घालण्यात आला आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी न्यू जेरुसलेम चर्च उपासनेसाठी खुले झाले.

या चर्चची रचना पाहण्यासारखी आहे. इमारतीचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा असून त्याच्या भुजा जवळपास सारख्या लांबीच्या आहेत. त्यामुळे कोणत्याही भुजेत बसलेल्या माणसाला मध्यभाग दिसतो. लुथरन उपासनेत प्रवचनाला मोठे महत्त्व असते. उपदेशकाचा शब्द प्रत्येकाच्या कानी पडावा, ही गरज अशा आराखड्याने चांगली भागते. दर्शनी भागावर राजा फ्रेडरिक यांची मुकुटांकित राजमुद्रा आणि १७१८ हे वर्ष कोरलेले आहे. एरवी बांधणी साधी आहे. जाड भिंती, पांढरा चुना आणि कमानदार खिडक्या एवढाच तिचा थाट. दक्षिणेतील रोमन कॅथलिक चर्चमध्ये दिसणारी मूर्तींची व सोनेरी वेदीची रेलचेल येथे नाही. त्सिगेनबाल्ग १७१९ च्या फेब्रुवारीत वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांना याच चर्चमध्ये वेदीजवळ पुरण्यात आले.

तमिळ प्रवचने देण्याचा श्वार्ट्झ यांचा सराव याच चर्चमध्ये झाला. भारतात आल्यानंतर चार महिन्यांच्या आतच त्यांनी येथे पहिले तमिळ प्रवचन दिले. तरंगंबाडीत ते सुमारे बारा वर्षे होते. या काळात त्यांनी तमिळ धर्मग्रंथांचे आणि पुराणकथांचे वाचन केले. ज्या लोकांशी बोलायचे त्यांच्या श्रद्धा आधी समजून घ्याव्यात, हा त्यामागील विचार होता. आसपासच्या खेड्यांतून पायी फिरत त्यांनी शाळा पाहिल्या.

तिरुचिरापल्ली

१७६२ पासून श्वार्ट्झ यांचे लक्ष तिरुचिरापल्लीकडे वळले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीची मोठी छावणी होती. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन अनेक सैनिक मरण पावले, तेव्हा त्यांच्या पोरक्या मुलांसाठी श्वार्ट्झ यांनी शाळा काढली. १७६४ मध्ये मदुराईच्या वेढ्यातील जखमींची त्यांनी सेवा केली. तिरुचिरापल्लीच्या किल्ल्यातील क्राइस्ट चर्च त्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले आणि १७६६ मध्ये तेथे उपासना सुरू झाली. यानंतर डॅनिश मिशनऐवजी लंडनच्या सोसायटी फॉर प्रमोटिंग ख्रिश्चन नॉलेज या संस्थेकडून त्यांचा खर्च चालू लागला. जर्मन लुथरन पाद्री, इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचे वेतन आणि उपासनेची पद्धत लुथरन, अशी ही व्यवस्था होती. पुढील शतकात तिच्यावरून बरेच वाद झाले. त्या काळात मात्र तिचे कोणालाही वावडे नव्हते. छावणीचे धर्मोपदेशक म्हणून मद्रास सरकारकडून त्यांना वर्षाला १०० पौंड मिळत. त्यातील निम्मी रक्कम ते मिशनच्या कामी लावीत. स्वतः ते एका लहानशा खोलीत राहत आणि भात-भाजी खात. त्यांनी लग्न केले नाही. तरंगंबाडीतील सहकारी कोलहोफ यांचा मुलगा योहान कास्पार याला त्यांनी स्वतःच्या मुलासारखे वाढविले. तोच पुढे तंजावरच्या मिशनचा प्रमुख झाला.

तमिळखेरीज श्वार्ट्झ यांना फारसी, हिंदुस्तानी आणि किनाऱ्यावर चालणारी पोर्तुगीज या भाषा येत होत्या. तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर ते मराठीही शिकले. तंजावरची प्रजा तमिळ बोलणारी असली तरी राजघराण्याची, कारभाऱ्यांची व दफ्तराची भाषा मराठी होती. राजाशी दुभाष्याच्या आधाराने बोलणे त्यांना अपुरे वाटे.

तंजावर आणि तुळजाजी राजे

प्रतापसिंह राजांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये तुळजाजी गादीवर आले. ते स्वतः विद्वान व कलाप्रेमी होते. राज्याची स्थिती मात्र नाजूक होती. अर्काटचे नवाब महंमद अली खंडणीसाठी तगादा लावीत आणि कंपनी नवाबाच्या पाठीशी उभी राही. १७७३ मध्ये नवाब व कंपनी यांच्या फौजांनी तंजावर घेतले आणि तुळजाजी कैदेत पडले. कंपनीच्या लंडनमधील संचालकांना हे कृत्य पसंत पडले नाही. त्यांच्या आदेशानुसार १७७६ मध्ये राजांना राज्य परत मिळाले, परंतु आता कंपनीची शिबंदी तंजावरात कायमची बसली.

तुळजाजी व श्वार्ट्झ यांची ओळख १७७३ च्या आपत्तीपूर्वीची होती. राजे त्यांना बोलावून धर्मविषयक प्रश्न विचारीत आणि शांतपणे ऐकून घेत. त्यांनी धर्म बदलला नाही, तसा विचार केल्याचेही दिसत नाही. मात्र या पाद्र्यावर त्यांचा विश्वास बसला. १७७८ मध्ये श्वार्ट्झ तंजावरलाच कायमचे राहावयास आले.

शिवगंगा तलावाजवळच्या लहान किल्ल्यात, बृहदीश्वराच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी चर्च बांधले. इमारतीवर १७७९ हे वर्ष आहे. चोळांच्या गगनचुंबी विमानाशेजारी ही बैठी, पांढरी, अनलंकृत वास्तू अगदी लहान वाटते. मराठा राजाच्या अनुमतीने, शैव महामंदिराच्या सान्निध्यात एका जर्मन लुथरन पाद्र्याने ती उभारली, यावरून तंजावरच्या त्या काळाची कल्पना येते. किल्ल्याबाहेरच्या वस्तीसाठी आणखी एक उपासनास्थान झाले. त्याच्या परिसरातील बागेत श्वार्ट्झ राहत.

याच वर्षांत तिरुनेलवेली भागातही काम वाढले. त्यात एका मराठी स्त्रीचा मोठा वाटा आहे. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा विवाहाशिवाय चाललेल्या सहवासामुळे श्वार्ट्झ यांनी तो नाकारला. त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, पालयंकोट्टै येथे त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. क्लोरिंडा या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिने पुढाकार घेऊन बांधलेले चर्च १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांच्या हस्ते उपासनेसाठी खुले झाले. गावकरी त्याला पाप्पात्ती अम्मन कोविल, म्हणजे ब्राह्मण बाईचे देऊळ, असे म्हणत.

हैदर अलींकडील शिष्टाई

१७७९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस रम्बोल्ड यांनी श्वार्ट्झ यांना एका नाजूक कामासाठी बोलावले. म्हैसूरचे हैदर अली कंपनीवर नाराज होते. त्यांच्या मनात काय आहे हे जाणून घ्यावे आणि कंपनीला शांतता हवी आहे असे त्यांना सांगावे, हे ते काम. लढाई टळत असेल तर प्रयत्न करावा, अशा भावनेने श्वार्ट्झ यांनी ते स्वीकारले. जुलैमध्ये निघून ते श्रीरंगपट्टणास पोहोचले. हैदर अलींच्या दरबाराचे बारकाईने केलेले वर्णन त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. स्वतः अक्षरओळख नसलेला हा राज्यकर्ता एकाच बैठकीत अनेकांची निवेदने ऐके, उत्तरे लिहवून घेई आणि कामाचा निकाल तेथल्या तेथे लावी, हे पाहून ते प्रभावित झाले. चुकार अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या फटक्यांचीही त्यांनी नोंद केली आहे.

निरोप देताना हैदर अलींनी प्रवासखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रास सरकारपुढे ठेवली. सरकारने ती घेण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी ती रक्कम तंजावरच्या पोरक्या मुलांच्या शाळेसाठी वापरली. शिष्टाई मात्र निष्फळ ठरली. १७८० च्या जुलैमध्ये हैदर अलींची फौज कर्नाटकात उतरली. आपल्या चांगुलपणाचा उपयोग कंपनीने वेळ काढण्यासाठी केला काय, हा प्रश्न चरित्रकारांनी उपस्थित केला आहे आणि तो अनाठायी नाही.

त्यानंतरची तीन वर्षे तंजावरला दुष्काळाची गेली. कालवे फोडले गेले, शेते ओसाड पडली आणि भुकेली माणसे किल्ल्यात लोटली. किल्ल्यात धान्य नव्हते. बाहेरच्या खेड्यांत थोडे होते, पण ते वाहून आणण्यास बैल मिळेनात. राजाच्या किंवा कंपनीच्या माणसांनी दिलेल्या वचनावर शेतकऱ्यांचा भरवसा उरला नव्हता, कारण मोबदला कधीच हाती पडत नसे. पैसे मी स्वतः चुकते करीन, असा शब्द श्वार्ट्झ यांनी दिल्यावर एक-दोन दिवसांत सुमारे हजार बैल उभे राहिले आणि धान्य आत आले. स्वस्ताईच्या दिवसांत त्यांनी तांदूळ साठवून ठेवला होता. त्यातून त्यांनी अन्नछत्र चालविले. श्वार्ट्झ यांना कोठेही अडवू नये, असा हुकूम हैदर अलींनी आपल्या सैन्याला दिला होता.

युद्धानंतर तुळजाजींचा कारभार बिघडला. मुलगा व नातू गेल्याने खचलेल्या राजांनी कारभार हाताखालच्या लोकांवर सोपविला. साराबाकीच्या जुलमाने शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. कंपनीने नेमलेल्या समितीत श्वार्ट्झ यांचा समावेश झाला. त्यांच्या हमीवर सुमारे ७,००० कुळे-माणसे परत आली, अशी नोंद आढळते. पेरणीचा हंगाम जवळजवळ उलटला असतानाही त्या लोकांनी रात्रंदिवस खपून शेते लावली.

वारसाचा प्रश्न

श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग १७८७ मध्ये आला. तुळजाजींना वारस उरला नव्हता. जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी भोसले घराण्याच्याच एका शाखेतील दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव सरफोजी ठेवले. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी हा मुलगा श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविण्याचे ठरविले. श्वार्ट्झ यांनी ते नाकारले. परदेशी धर्मोपदेशकाने राजपुत्राचे पालकत्व घेतल्यास दरबारात तट पडतील आणि मुलाच्या जिवालाच धोका होईल, असे त्यांना वाटले. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. हा सल्ला सद्‌हेतूने दिलेला होता, पण त्याचे परिणाम सरफोजींना पुढे अकरा वर्षे भोगावे लागले.

तुळजाजी वारल्यावर अमरसिंहांनी गादीवर स्वतःचाच हक्क सांगितला. सरफोजी हे आपल्या जनक पित्याचे एकुलते एक पुत्र, त्यांचे वय दत्तकास योग्य नाही आणि दत्तविधानाच्या वेळी राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे आक्षेप घेण्यात आले. तंजावरच्या पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविला. कंपनीने तो निर्णय मानून अमरसिंहांना गादीवर बसविले. सरफोजी व तुळजाजींच्या राण्या वाड्यातच कोंडल्यासारख्या राहू लागल्या. मुलाला शिक्षण नाही, मोकळी हवा नाही, खिडक्याही बंद, अशी स्थिती झाली. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे पुनःपुन्हा तक्रारी केल्या. अखेर मुलाच्या रक्षणासाठी कंपनीचा पहारा बसला आणि १७९३ मध्ये सरफोजींना राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या लुथरन पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले.

दरम्यान श्वार्ट्झ दत्तकाच्या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा करीत राहिले. तंजावरच्या पंडितांचे मत दबावाखाली व द्रव्यलोभाने दिले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. बंगाल व काशी येथील पंडितांकडे प्रश्न पाठविला गेला, तेव्हा त्यांनी दत्तविधान वैध ठरविले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू धर्मशास्त्राच्या आधारे मराठा राजपुत्राचा हक्क सिद्ध करावा, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. ३० जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. ते पाहण्यास श्वार्ट्झ हयात नव्हते. पुढच्याच वर्षीच्या करारान्वये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली, हेही त्यांना पाहावे लागले नाही. अमरसिंहांच्या बाजूने पाहिले तर श्वार्ट्झ यांची ही खटपट कंपनीच्या पथ्यावर पडली, असे म्हणता येते.

अखेर व स्मारके

१७९७ च्या उत्तरार्धात श्वार्ट्झ आजारी पडले. सरफोजींना बोलावून त्यांनी प्रजेच्या हिताविषयी उपदेश केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. शवपेटी बंद होण्यापूर्वी सरफोजी आले, त्यांनी अश्रू ढाळले, पार्थिवावर भरजरी वस्त्र घातले आणि परधर्मीयाच्या अंत्ययात्रेस न जाण्याचा संकेत बाजूला सारून ते दफनस्थळापर्यंत गेले. किल्ल्याबाहेरील चर्चमध्ये श्वार्ट्झ यांची समाधी आहे. तिच्या शिळेवरील इंग्रजी काव्यपंक्ती सरफोजींनी स्वतः रचल्या आहेत.

किल्ल्यातील चर्चसाठी सरफोजींनी इंग्लंडचे प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्पपट करवून घेतला. १८०७ च्या सुमाराचा हा पट त्या साध्या इमारतीतील एकमेव मोठा अलंकार आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, सोबतचे दरबारी, उशाशी गेरिके आणि शय्येजवळ शाळेतील मुले असे त्याचे दृश्य आहे. पगडी घातलेला मराठा राजा नम्रपणे उभा असलेले असे शिल्प युरोपीय कलेत विरळाच. ईस्ट इंडिया कंपनीनेही मद्रासच्या सेंट मेरीज चर्चमध्ये धाकट्या जॉन बेकन यांच्याकडून श्वार्ट्झ यांचे स्मारक घडवून घेतले.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद, बालबोध मुक्तावली, १८०६ मध्ये तेथे छापविला. मुद्रित मराठी पुस्तकांच्या इतिहासात त्याचे स्थान अगदी आरंभीचे आहे. या उद्योगांमागची जिज्ञासा बालपणीच्या शिक्षणातून आली, असे अभ्यासक मानतात.

मूल्यमापन

श्वार्ट्झ यांच्या कामावर एक गंभीर आक्षेप आहे. त्यांच्या चर्चमध्ये वेगवेगळ्या जातींचे लोक वेगवेगळे बसत. हा भेद हळूहळू आपोआप नाहीसा होईल, अशी त्यांची समजूत होती. तसे झाले नाही. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेदास मनाई केली, तेव्हा तंजावरच्या मंडळीत मोठी फूट पडली. त्यांचे शिष्य, तमिळ कवी वेदनायगम शास्त्री, या मनाईच्या कट्टर विरोधकांपैकी होते. दुसरीकडे, १७९० मध्ये सत्यनादन या तमिळ उपदेशकास लुथरन रीतीने पाद्रीपदाची दीक्षा देऊन श्वार्ट्झ यांनी स्थानिक नेतृत्वाचा मार्ग खुला केला होता.

आजची स्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरचे मिशन अँग्लिकन संस्थेकडे गेले. तेथील श्वार्ट्झ यांचे चर्च आता चर्च ऑफ साउथ इंडियाच्या अखत्यारीत आहे. तरंगंबाडीचे न्यू जेरुसलेम चर्च तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्चकडे असून २००४ च्या त्सुनामीनंतर त्याची दुरुस्ती करण्यात आली. रेसिडेंट जॉन सुलिव्हन यांच्या सहकार्याने १७८५ च्या सुमारास श्वार्ट्झ यांनी तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा काढल्या होत्या. रामनाथपुरमच्या शाळेला आजही श्वार्ट्झ यांचे नाव आहे. भारताचे माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम हे या शाळेचे विद्यार्थी होते.